मोटर शेवटी घे, आधी बॅटरीचा हिशोब मांड

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"काका, आमच्याकडे १२ फुटी ॲल्युमिनियमची होडी आहे, मी आणि बाबा दर रविवारी गळ टाकायला जातो. आत्तापर्यंत वल्ह्यांवर भागलं पण आता बाबांचा खांदा दुखतो. मित्राची ३० पाउंड थ्रस्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला मागे लावायची विजेवरची छोटी मोटर, उसनी आणली आणि गाडीतली जुनी ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी लावली. पहिल्या दिवशी ४० मिनिटं मस्त चालली, मग मेली. रात्रभर चार्ज करून पुढच्या रविवारी नेली तर २५ मिनिटांतच बसली, उलट्या वाऱ्यात वल्हवत परत आलो, बाबा काही बोलले नाहीत पण तोंडाकडे बघवत नव्हतं. आता स्वतःची घ्यायचीये. दुकानदार म्हणतो सरळ ५५ पाउंडची घ्या, पॉवर कमी पडायलाच नको. एकजण म्हणतो लिथियमशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो लिथियम पेट घेतं. चार्जर घरात आहे, जुना आहे पण चालतो. नेमकं काय घेऊ?"

अरे, पहिलं सांगतो, त्या मोटरचा काहीच दोष नव्हता आणि ५५ पाउंडची असती तर तुम्ही ४० च्या ऐवजी २० मिनिटांतच वल्ही काढली असती. सगळे मोटरपासून सुरुवात करतात कारण दुकानात मोटर दिसायला भारी असते, तिच्यावर मोठा आकडा छापलेला असतो, आणि बॅटरी म्हणजे शेवटी "ती पण एक द्या" अशी घेतली जाते. मी उलटं करायला सांगतो. पाण्यावर किती वेळ काढायचाय ते आधी ठरव, त्यावरून बॅटरी, बॅटरीवरून चार्जर, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

आता तुझ्या गाडीच्या बॅटरीचं काय झालं ते बघ, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते, दोन-तीन सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि मग इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरकडून लगेच परत भरून घ्यायचं. म्हणून तिच्यात पातळ पातळ प्लेट खूप साऱ्या असतात. अशा बॅटरीला तू तासभर सलग पिळलंस, पार तळापर्यंत, तर त्या पातळ प्लेटवरचा माल सुटून खाली पडायला लागतो, आणि तो परत चिकटत नाही, कितीही चार्ज कर. म्हणून दुसऱ्या रविवारी २५ मिनिटं. तिसऱ्या रविवारी नेली असतीस तर बहुतेक १५. डीप सायकल बॅटरीत प्लेट कमी पण जाड असतात, हळूहळू आणि खोलवर रिकामी होण्यासाठीच ती बनवलेली असते. आणि ऐक, वर "मरीन" लिहिलंय म्हणजे डीप सायकल असं नाही, बोटीचं इंजिन सुरू करायच्या बॅटरीलाही मरीनच म्हणतात. लेबल वाच, त्यावर फक्त क्रँकिंग ॲम्पिअरचा आकडा मोठ्या अक्षरात असेल आणि ॲम्पिअर-अवर कुठेच नसेल तर ती सेल्फची बॅटरी, ठेव परत.

दुसरी गंमत ॲम्पिअर-अवरच्या आकड्यातच आहे. ४५ लिहिलंय, मोटर ३० ॲम्पिअर ओढते, म्हणजे दीड तास, असंच तू मांडलं असशील ना? मीही पूर्वी असंच मांडायचो. पण तो आकडा सहसा २० तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे ४५ ची बॅटरी सव्वादोन ॲम्पिअरने २० तास चालेल असा त्याचा अर्थ. तू एकदम ३० ओढायला गेलास की लेड ॲसिड बॅटरी, म्हणजे गाडीत असते तसली, तेवढं देतच नाही, आतलं रसायन तितक्या पटापट हलत नाही. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ सालीच याचं सूत्र मांडून ठेवलंय. त्या सूत्रात तुझे आकडे घालून बघितले तर चांगल्या अवस्थेतली ४५ ची बॅटरीसुद्धा ३० ॲम्पिअरवर पाऊण तासाच्या आसपासच टिकते. तुझी ४० मिनिटं टिकली म्हणजे बिचारीने जीव तोडून काम केलं रे, उगाच शिव्या घातल्यास.

तर आता तुमच्या रविवारचा हिशोब मांडू. एक ठोकताळा लक्षात ठेव, १२ व्होल्टची साधी ट्रोलिंग मोटर फुल स्पीडला जितके पाउंड थ्रस्ट, म्हणजे ढकलायची ताकद, देते साधारण तितकेच ॲम्पिअर ओढते. ३० पाउंडवाली ३० च्या आसपास, ५५ वाली ५० ते ५५. समजा ४०-४५ च्या आसपासची मोटर आहे. जायला २० मिनिटं, यायला २० मिनिटं, दोन्ही वेळा जवळजवळ फुल, ४० ॲम्पिअर धर, झाले २७ ॲम्पिअर-अवर. मधे दोनेक तास हळूहळू दोरी ओढत फिरणं, १० ॲम्पिअर धर, झाले २०. वाऱ्यात जागेवर टिकून राहायला अधूनमधून मिळून अर्धा तास २० ॲम्पिअरने, झाले १०. एकूण ५७. तुमचे आकडे वेगळे असतील, एक रविवार वही घेऊन बसा आणि किती मिनिटं वल्हवलं, कधी जोरात कधी हळू, ते नुसतं लिहून काढा, त्यातून कळेल.

५७ लागतात म्हणून ६० ची बॅटरी घेऊ नकोस. लेड ॲसिड, मग ती पाणी टाकायची असो की एजीएम, म्हणजे पाणी न टाकायची बंद बॅटरी, निम्म्याच्या खाली उतरवायची नाही अशी सवय ठेव, रोज तळ गाठलास तर तिचं आयुष्य भराभर संपतं. म्हणजे ५७ साठी ११५ हवी, वर पॉयकर्टसाहेबांचा वाटा आणि उलट्या वाऱ्याची राखीव धरून १२० च्या पुढची. अशी बॅटरी तीसेक किलोच्या पुढे जाते, आणि ती होडीपर्यंत उचलून कोण नेणार तर तू, कारण बाबांचा खांदा. लिथियमला ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येतं आणि जोरात ओढलं तरी ती फारशी कुरकुरत नाही, म्हणून तिथे १०० पुरेल आणि वजन १२-१३ किलो. १२ फुटी होडीत हा १८-२० किलोचा फरक कागदावर छोटा वाटतो, पण मागे मोटर, मागे तू आणि मागेच बॅटरी असं झालं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली जाते आणि वारा तिला पतंगासारखा फिरवायला लागतो. लेड ॲसिडच घेतलीस तर ती मधोमध किंवा पुढे ठेव, डब्यात, पट्ट्याने बांधून. वायर लांब लागेल, त्याचं पुढे सांगतो.

लिथियम पेट घेतं का? लिथियम म्हणून एकच रसायन नसतं. होडीसाठी जी विकतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, मोबाईलमध्ये बहुतेक वेळा असतं त्याच्यापेक्षा वेगळं प्रकरण. फॉस्फेटमधला ऑक्सिजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून ती बरीच शांत असते. हे रसायन बॅटरीत चालतं हे १९९० च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने दाखवलं, २०१९ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. पण शांत आहे म्हणून बेफिकीर राहू नकोस, ढिला नट आणि शॉर्ट झालेली वायर कुठल्याही बॅटरीवर आग लावते, लेड ॲसिडवर सुद्धा.

लिथियम घेताना एकच गोष्ट नीट विचार, आत जो बीएमएस असतो, म्हणजे बॅटरीचा रखवालदार, तो सलग किती ॲम्पिअर सोडतो. माझ्या एका मित्राने १०० ॲम्पिअर-अवरची म्हणून हौसेने आणली, बीएमएस निघाला ५० चा, मोटर फुल केली की ५२ ओढायची आणि हा पठ्ठ्या दर वेळी कनेक्शन कापायचा. पाण्याच्या मधोमध एकदम शांतता. त्याला वाटलं मोटर जळली, परत येऊन मोटर खोलली, काहीच नाही. मोटरच्या फुल करंटच्या दीडपट तरी बीएमएस असू दे, १०० ॲम्पिअरचा मिळाला तर डोक्याला ताप नाही. आणखी एक, लेड ॲसिड मरताना सांगून मरते, मोटर हळूहळू मंदावते, तुम्हाला कळतं की आता निघायला हवं. लिथियम शेवटपर्यंत जोमात पळते आणि मग दिवा घालवल्यासारखी बंद. व्होल्टेज बघूनही फारसं कळत नाही, ९० टक्के असताना आणि ४० टक्के असताना मीटर जवळजवळ सारखंच दाखवतो. म्हणून लिथियमबरोबर शंटवाला मॉनिटर घे, जो आत-बाहेर गेलेले ॲम्पिअर मोजतो, किंवा ज्या बॅटरीचं ॲप मोबाईलवर टक्के दाखवतं ती घे. काही मोटर कंपन्या लिथियमवर सलग फुल स्पीड मारू नका असंही मॅन्युअलमध्ये सांगतात कारण व्होल्टेज जास्त वेळ चढं राहतं, ते पान वाच.

लेड ॲसिडला मात्र साधा मल्टीमीटर पुरतो. मोटर बंद करून तासभर बॅटरीला विश्रांती दे आणि मोज, १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तू उशीर केलास. चालू मोटरवर मोजशील तर ११ चं काहीतरी दिसेल आणि उगाच घाबरशील.

माझं मत विचारशील तर, दर रविवारी जाताय, उचलणारा एकच माणूस आहे, लिथियम घ्या. लेड ॲसिडला निम्म्यापर्यंत वापरून काहीशे वेळा चार्ज करता येतं, फॉस्फेटवालीला दोन हजारांच्या पुढे, त्यामुळे सुरुवातीला खिसा हलका झाला तरी दर दोन-तीन वर्षांनी नवी आणायची कटकट नाही. महिन्यातून एकदाच जाणारा असतास तर म्हटलं असतं एजीएम घे आणि झोप. पाणी टाकायची बॅटरी वाईट नसते, पण तिचं पाणी बघायला आवडणारा माणूस लागतो, तू तसा वाटत नाहीस, राग मानू नकोस.

आता चार्जर. "जुना आहे पण चालतो" हे वाचून मी कपाळाला हात लावला. माझंच सांगतो, एकदा अर्धी उतरलेली चांगली डीप सायकल बॅटरी मी तशीच कोपऱ्यात ठेवली, म्हटलं पुढच्या आठवड्यात जायचंच आहे, मग हे निघालं ते निघालं आणि तीन महिने गेले. चार्जर लावला तर तासाभरात हिरवा दिवा, मी खूश, वा काय बॅटरी आहे. पाण्यावर १५ मिनिटांत खलास. लेड ॲसिड रिकामी ठेवली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, ते घट्ट झाले की तेवढा भाग कामातून गेला, आणि चार्जरला वाटतं बॅटरी भरली कारण आता भरायला जागाच उरलेली नसते. त्या हिरव्या दिव्यावर तेव्हापासून माझा विश्वास नाही. पाण्यावरून आल्याआल्या, मासे साफ करायच्या आधी, चार्जर लावायचा.

तुझा जुना चार्जर जर वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला, घूं घूं आवाज करणारा असेल तर तो बॅटरी भरली तरी ढकलतच राहतो, पाणी उकळवतो, आणि एजीएमची तर वाट लावतो कारण तिच्यात परत पाणी टाकता येत नाही. बादली भरताना आपण शेवटी नळ बारीक करतो ना, चांगला चार्जर तेच करतो. आधी पूर्ण करंटने साधारण ८० टक्क्यांपर्यंत, मग व्होल्टेज १४.४ ते १४.८ च्या मधे धरून करंट कमी कमी करत, आणि शेवटी १३.५ च्या आसपास नुसतं धरून ठेवणं. हा शेवटचा २० टक्क्यांचा भागच लेड ॲसिडमध्ये तासन्‌तास खातो, आणि लोक तोच कापतात, "झाली झाली, चल निघू". दर वेळी ८० वरच काढलीस तर तिथेही सल्फेट धरतंच.

साइज म्हणशील तर लेड ॲसिडला बॅटरीच्या ॲम्पिअर-अवरच्या १० ते २० टक्के करंटचा चार्जर ठीक, १२० च्या बॅटरीला १५ चा घेतला की संध्याकाळी लावून सकाळी तयार. बाइकच्या बॅटरीसाठीचा दोन ॲम्पिअरचा लावशील तर रविवारी लावलेली निम्मी बॅटरी मंगळवारपर्यंत पण भरणार नाही. लिथियम घेणार असशील तर चार्जरवर लिथियम आयर्न फॉस्फेटचा मोड हवाच हवा, १४.४ ते १४.६ वर थांबणारा. जुन्या चार्जरमध्ये सल्फेट फोडायचा किंवा इक्वलाइझ नावाचा मोड असतो तो १५ च्या वर नेतो, तो लिथियमला लावलास तर बीएमएस वैतागून दार लावून घेतो, नशीब बरं असेल तर. आणि पाणी गोठेल इतक्या थंडीत लिथियम चार्ज करायची नाही, वापरलेली चालते पण चार्ज नाही, आत कायमची इजा होते. चांगल्या बीएमएसला हे कळतं, स्वस्तातल्याला नाही.

चार्ज करताना लेड ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, म्हणून हवा खेळती असलेल्या जागी, बंद कपाटात नाही. चिमटे आधी बॅटरीला लाव, मग भिंतीचं बटण. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. उलटं केलंस की ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते. डिस्टिल्ड पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर टाकायचं, आधी टाकलंस तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. प्लेट उघड्याच पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतपत टाक.

चल, आता एकदाची मोटर. पाउंड थ्रस्ट म्हणजे हॉर्सपॉवर नाही, ती नुसती ढकलायची ताकद. ५५ पाउंडवालीसुद्धा १२ व्होल्टवर ६०० वॅटच्या आसपास खाते, म्हणजे एक हॉर्सपॉवरही नाही. आणि थ्रस्ट वाढवला म्हणून होडी पळायला लागत नाही, या मोटरी हळू फिरायलाच बनवलेल्या असतात, तुमच्यासारख्या होडीला ताशी पाच-सात किलोमीटर मिळाले की झालं, ३० पाउंडने पाच मिळतील तर ५५ ने दहा मिळणार नाहीत. थ्रस्ट लागतो तो वाऱ्यासाठी. वारा दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो, त्या उलट्या वाऱ्याच्या रविवारी हे तुम्हाला हातांनी कळलंच असेल.

ठोकताळा असा की होडी, माणसं, सामान सगळं मिळून दर ४५ किलोला कमीत कमी २ पाउंड. तुमची होडी ७०-८० किलो, तुम्ही दोघं दीडशे, बॅटरी-सामान मिळून ४०-५०, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. हिशोबाने १२-१३ पाउंडही पुरतात! पण तो शांत पाण्याचा हिशोब, वारा आणि ओढ धरून मी तिपटीच्या थोडं वर धरतो, म्हणजे ४० ते ४५. तेवढी घे. ५५ घेतलीस तरी काही बिघडत नाही म्हणा, हळू चालवलीस तर ती जास्त खात नाही, फक्त हात शिवशिवले आणि फुल केली की टाकी फुटल्यासारखी बॅटरी उतरते. ८० पाउंड २४ व्होल्ट वगैरे कोणी सांगेल तर नम्रपणे हसून पुढे जा, त्याला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरणारा चार्जर, हे सगळं मोठ्या जड बोटींचं काम.

मोटरमध्ये मी थ्रस्टपेक्षा स्पीड कंट्रोल बघतो. पाच गिअरवाल्या स्वस्त मोटरीत हळू स्पीडला जादाची वीज कॉइलमध्ये नुसती तापून जाते. जिथे स्पीडचा कान पिरगळला की सलग कमी-जास्त होतो, त्या डिजिटल कंट्रोलवाल्या मोटरी करंट तुकड्या-तुकड्यांत सोडतात आणि हळू चालताना कितीतरी कमी खातात. तुमचा निम्मा दिवस हळू फिरण्यात जातो, तेव्हा जादाचे पैसे घालायचेच असतील तर इथे घाल. शिवाय पाण्याचा स्वभाव असा आहे की स्पीड निम्मा केला की लागणारी वीज निम्मी होत नाही, एक अष्टमांशाच्या आसपास येते. म्हणून येताना कान पूर्ण पिळायच्या ऐवजी थोडा सैल सोड, पाच मिनिटं उशिरा पोचशील पण पोचशील.

दांडीची लांबी मोजून घे, अंदाजाने नको. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली फूटभर असलं पाहिजे, लाटेत पंखा वर आला की फुर्र आवाज करून हवा खातो आणि करंट वाया. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्याच्या रेषेपर्यंत टेप लाव, दोघं आत बसलेले असताना, रिकामी होडी मोजू नकोस. फार लांब घेतलीस तर उथळ पाण्यात तळ खरवडते, पण लांब दांडी वर सरकवता येते, आखूड दांडी ओढून लांब होत नाही. खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर खाऱ्या पाण्याचीच मोटर, तिच्यावर झिजायला म्हणून जस्ताचा तुकडा दिलेला असतो, तो झिजला की बदलायचा. गोड्या पाण्याची मोटर खाऱ्यात नेली तर गंज आतून लागतो आणि वॉरंटीही बहुधा हात वर करते. आणि कुठलीही असो, खाऱ्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवायची.

वायरीचं राहिलं, आणि हे कोणीच विचारत नाही. बॅटरी पुढे, मोटर मागे, तीन मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. ६ स्क्वेअर एमएमची वायर वापरलीस आणि ४५ ॲम्पिअर सोडलेस तर ०.८-०.९ व्होल्ट वायरीतच जातो, म्हणजे जवळजवळ ४० वॅट, छोटी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते बघ, तशी दीड इस्त्री तू पायाखाली तापवत बसलायस. १६ स्क्वेअर एमएम घातलीस तर हेच नुकसान एक तृतीयांशाच्या थोडं वर येतं. वायरीच्या टोकाचे लग नीट दाबून बसवलेले, पिळून टेप मारलेले नाहीत. फुलपाखरी नट हादऱ्याने ढिले होतात आणि मग बॅटरीचं टोक वितळतं, ते काढून टाक आणि नायलॉनवाले लाव. बॅटरीच्या प्लसला लागूनच ६० ॲम्पिअरचा डीसी ब्रेकर, घरच्या बोर्डातला एमसीबी काढून आणायचा नाही, तो एसीचा असतो आणि डीसीची ठिणगी त्याला विझवता येईलच असं नाही. पंख्यात दोरी अडकली की मोटर जाम होते आणि करंट भसकन वाढतो, तेव्हा हाच ब्रेकर तुझी मोटर वाचवतो.

तर १०० ची लिथियम, १०० चा बीएमएस, लिथियम मोडचा १५-२० ॲम्पिअरचा चार्जर, ब्रेकर आणि जाड वायर, आणि उरलेल्या पैशात ४०-४५ ची डिजिटल मोटर. पैसे कमी पडले तर मोटर लहान कर, मित्राची ३० वालीच विकत मिळते का विचार, पण बॅटरी लहान करू नकोस. वल्ही होडीतच राहू दे, दोन्ही.

मित्राची घेतलीस तर आधी एक काम कर. पंखा काढ, मागे दांड्यावर गळाची बारीक दोरी गुंडाळलेली आहे का बघ, जवळजवळ प्रत्येक जुन्या मोटरीत निघते. ती दोरी सील कापते आणि पाणी आत शिरतं, मोटर तरीही चालते, काही महिने चालते, आणि मग एक दिवस नाही. दोरी निघाली तर सील बदलून घे. पंखा परत बसवताना आतली पिन वाकलेली असेल तर तीही बदल, आणि एक जादाची पिन आणि त्या नटाचा पाना गळाच्या डब्यात टाकून ठेव.